भोपळ्याचा कॅन्सर

गुरुवारी आमच्याकडच्या एमआयडीसीला सुट्टी असते. कारण साधं आहे, त्या दिवशी विजेची आठवड्याची कपात, म्हणून कारखाने बंद. पण मूळनाथबाबांच्या भक्तांना विचाराल तर ते डोळे मिटून सांगतील, की बाबांनी गुरूचा वार म्हणून गुरुवार निवडला. बाबांनी निवडला तो गिऱ्हाईक घरी असतं तो वार. चाकणला जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत, एका बंद पडलेल्या पत्र्याच्या गाळ्यासमोर सकाळी नऊलाच दीड-दोनशे मोटारसायकली लागल्या होत्या. निम्म्या माणसांच्या अंगात कंपनीचंच जॅकेट होतं.

आत धुपाचा एवढा धूर, की डोळे चुरचुरत होते. मधोमध चौरंग. चौरंगावर लोखंडाची काळी चौकोनी प्लेट, हिला म्हणायचं 'पाट'. भोसरीहून आलेला एक पन्नाशीचा माणूस समोर बसला. पाटावर लाल फडकं टाकलं, त्यावर त्याचे दोन्ही तळहात ठेवले, आणि बाबा पाच मिनिटं पुटपुटले. मग फडकं काढलं. बाबांनी चांदीच्या गुलाबदाणीतून पांढरं पाणी शिंपडलं. ते पाणी बघता बघता वाळलं आणि काळा पाट भस्मासारखा पांढरा झाला. सगळे श्वास धरून. आणि त्या पांढऱ्यावर एक लाल ठिपका उमटला. ठिपक्याची रेघ झाली. रेघेला फाटे फुटले. मिनिटभरात पाटावर रक्ताच्या रंगाची मुळं पसरली.

"दिसलं का मूळ?" बाबा गरजले.

"दिसलं!" गर्दी गरजली. भोसरीवाल्याच्या तोंडाचं पाणी पळालं आणि त्याची बायको मोठ्यानं रडायला लागली.

"रडू नको माऊली," बाबा म्हणाले. "माझा डॉक्टरांना विरोध नाही. आधी त्यांच्याकडं जा. ऑपरेशन करा, शेक घ्या. डॉक्टर फांदी तोडतो. फांदी तोडायला कुऱ्हाड लागते, अक्कल लागत नाही! फांदी तोडून या, मूळ मी काढतो. आणि मूळ निघालं की पुन्हा सुई नाही. सुईच्या वाटेनं मूळ परत आत शिरतं. तपासणी म्हणजे शंका. शंका घेतली की कृपा गेली."

हे ऐकून दोनशे माणसांनी माना डोलावल्या. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या माणसानंही डोलावली. तो माणूस माझा बाप होता.

माझं नाव योगिनी येळवंडे. राहते दिघीला, आणि चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी विभागात नोकरी करते. माझे वडील रंगराव, त्यांना आम्ही आप्पा म्हणतो, गावात शेती सांभाळून तीस वर्षं कंपनीत होते. दीड वर्षापूर्वी त्यांना प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. लघवीच्या पिशवीखाली पुरुषांना एक ग्रंथी असते, तिचा. रक्तात पीएसए नावाची एक गोष्ट मोजतात, आप्पांची शेहेचाळीस होती. चारच्या आत असली तर निवांत. पिंपरीच्या हॉस्पिटलात महिना-दीड महिना शेक, म्हणजे रेडिएशन, झाला. दर तीन महिन्यांनी एक इंजेक्शन सुरू केलं, ते दोन वर्षं घ्यायचं होतं. आणि दर तीन महिन्यांनी पीएसए मोजायची होती. एवढंच काम होतं. डोंगर खणायचा नव्हता.

या गुरुवारच्या दोन दिवस आधी मला हॉस्पिटलातून डॉक्टर सुप्रिया काळोखेंचा फोन आला. "तुमचे वडील दोन तारखांना आलेच नाहीत. इंजेक्शनही नाही, रक्तही नाही. सगळं ठीक आहे ना?"

मी हातातलं काम टाकून गावी गेले. आप्पा ओट्यावर शेंगा सोलत बसले होते. मनगटावर हिरवा दोरा.

"आप्पा, तारखा का चुकवल्या?"

"पास झालो मी," आप्पा शांतपणे म्हणाले. "मूळनाथबाबांनी पाट बघितला. पांढरा फेक. ह्यो बघ, हिरवा दोरा दिलाय."

"दोऱ्याचा काय संबंध?"

"तुला क्वालिटीवालीला मी सांगू? हिरवा टॅग लागला की माल परत लाईनवर येतो व्हय? पास म्हंजी पास. आता परत परत काय तपासायचं? तीस वर्सं केलंय मी ह्ये."

मी कपाळावर हात मारला. बाबानं आमच्या माणसांची नस बरोबर पकडली होती. इथल्या घराघरात कुणीतरी कंपनीत आहे. लाल टॅग म्हणजे बाद, हिरवा म्हणजे ओके, हे इथं शेंबड्या पोरालाही कळतं. त्यानं गंडा नाही बांधला, ताईत नाही दिला. त्यानं हिरवा टॅग लावला.

"आप्पा, टॅग लागलेला माल गाडीत बसून निघून जातो. तुम्ही कुठं गेलात? तुम्ही रोज जेवता, झोपता, शेतात जाता. तुम्ही माल नाही, चालतं मशीन आहात. मशीन एकदा ओके आलं म्हणून कुणी वर्षभर बघायचं सोडतं का?"

"मग रिपोट कसा आला पॉइंट एक? तीन गुरुवार केलं आन् शेहेचाळीसचं पॉइंट एक झालं! ह्ये बी खोटं?" आप्पा चिडले. "तूच चल गुरुवारी. डोळ्यानं बघ."

म्हणून मी तिथं उभी होते. आणि मला भिंतीवर काय दिसलं? प्लॅस्टिकमध्ये घालून टांगलेला माझ्या बापाचा रिपोर्ट. रंगराव येळवंडे, पीएसए शून्य पूर्णांक एक. वर लाल अक्षरांत 'मूळनाथकृपा'. शेकाला रोज पिंपरीला कोण नेत होतं? मी आणि माझा भाऊ सुरज, आलटून पालटून, शिफ्ट बदलून घेऊन. शेकाच्या वेळी लघवीची पिशवी भरलेली लागते. पोटात भरपूर पाणी आणि लघवी दाबून धरलेली, अशा माणसाला गाडीवर घेऊन जायचं म्हणजे प्रत्येक खड्ड्याला त्यांच्याआधी आपल्याच पोटात कळ यायची. आणि कृपा कुणाची? मूळनाथाची! आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय.

त्या क्षणी मला त्या बाबाच्या दाढीला हात घालावासा वाटला. पण धुपाआडून एक वास येत होता. गोडसर, रॉकेलसारखा, स्पिरिटसारखा. ओळखीचा होता, पण डोकं एवढं तापलं होतं की कुठला ते आठवेना.

दुसऱ्या दिवशी शिफ्टला गेले, टेबलावरचा तपासणीच्या रंगाचा डबा उघडला, आणि तोच वास आला.

मी रोज काय करते ते सांगते. गाडीच्या चाकाजवळ लोखंडाचे भाग असतात. त्यात केसाएवढी चीर असली तरी गाडी धावताना तुटतात आणि माणसं मरतात. ही चीर डोळ्याला दिसत नाही. म्हणून आम्ही त्या भागावर लाल रंगाचं पातळ तेल लावतो. ते चिरेत झिरपतं. मग वरचं तेल पुसून टाकतो. भाग स्वच्छ दिसतो, पण चिरेत रंग बसलेला असतो. मग वर पांढरी पावडर फवारतो. ही पावडर टीपकागदासारखी आतला रंग शोषून वर आणते. पांढऱ्यावर लाल रेघ उमटली की समजायचं, इथं चीर आहे. आठ वर्षं मी हे करते आहे. आठ वर्षं मी बाबांचा चमत्कार पगारावर करते आहे!

त्या संध्याकाळी मी आप्पांना काही सांगितलं नाही. नुसतं सांगून त्यांना पटलं नसतं. त्यांना डोळ्यांनी बघायची सवय होती, तर डोळ्यांनीच दाखवायचं ठरवलं.

बाबांकडे एक सोय होती. ज्यांना येता येत नाही, अशा पेशंटचं अंगावरचं कापड आणायचं. गाठोडं पाटावर ठेवलं की मूळ दिसतं. पुढच्या गुरुवारी मी टॉवेलात बांधलेलं गाठोडं घेऊन गेले. आप्पांना सोबत घेतलं. त्यांच्याबरोबर त्यांचे कंपनीतले जुने सोबती मारुतरावही होते. आप्पांना या गाळ्यात पहिल्यांदा आणलं ते मारुतरावांनीच. त्यांनाही हाच आजार, हाच शेक, हाच हिरवा दोरा. त्यांची पाठ चार महिने दुखत होती. कमरेत वाकून चालत होते.

"काका, पाठीचं डॉक्टरांना दाखवलं का?" मी गाडीतून उतरताना विचारलं.

"बाबा म्हणले, जुनं वझं उचलल्यालं हाय त्याचं दुखणं. पाट तर पांढरा हाय ना."

माझा नंबर आला. "सासऱ्यांचं आहे," मी म्हणाले. "अंथरुणातून उठवत नाही. पोटच पोट राहिलंय. अंगाला हात लावला तर गार लागतात."

बाबांनी दया दाखवली. त्यांनी खूण केली तसं मी गाठोडं पाटावर ठेवलं, ते पुटपुटले, मी काढून बाजूला ठेवलं. त्यांनी गुलाबदाणी शिंपडली. पांढरं झालं. ठिपका आला, रेघ आली, फाटे आले.

"फार खोल गेलंय मूळ!" बाबांनी डोळे वटारले. "पोटातून हाडात उतरलंय. सात गुरुवार लागतील."

"नक्की कॅन्सरच आहे ना बाबा?"

"पाट खोटं बोलत नाही!"

मी टॉवेलाची गाठ सोडली. आत दुधी भोपळा होता. सकाळीच मंडईतून घेतलेला, देठासकट.

आधी कुणाला काही कळेना. मग मागून एक जण फिस्सकन हसला. मग दुसरा. "भोपळ्याला कॅन्सर!" कुणीतरी ओरडलं आणि गाळाभर हशा पिकला. बाबांचा चेहरा भोपळ्यापेक्षा फिका पडला.

"पाखंडी बाई!" ते किंचाळले. "पाट बाटवला! देवाची परीक्षा घेतेस?"

"देवाची नाही, पाटाची घेते. रोजचंच काम आहे माझं." मी पिशवीतून चिंधी आणि फवारा काढला. पाट खसाखसा पुसला. काळाभोर स्वच्छ झाला. "बघा, आता इथं कुणी बसलेलं नाही. कपडा नाही, भोपळा नाही, मंत्र नाही." आणि वरून पांढरं फवारलं.

सगळे वाकून बघत होते. ठिपका आला. रेघ आली. तीच मुळं, त्याच जागी, तशीच वाकडी.

"आता सांगा, हा कॅन्सर कुणाचा? या लोखंडाचा! हा पाट तापवून पाण्यात बुडवून तडकवलाय. चिरांत आधीच लाल रंग भरून ठेवलाय. कोणीही बसा, हेच दिसणार."

बाबांचा एक चेला माझ्या अंगावर धावला. पण मधे एक आडदांड माणूस उभा राहिला. दादासाहेब म्हणून कुणी सुपरवायझर, नंतर नाव कळलं. त्यानं पाट उचलून नाकाशी नेला. "च्यायला, राव, हे तर आमच्या वेल्डिंगला करतात तेच हाय!" तो गर्दीकडं वळून म्हणाला. मग त्यानं चौरंगाखालचं फडकं ओढलं. तिथं दुसरा पाट होता. अगदी तसाच, पण अखंड. मी त्यावर फवारलं. पांढरा फेक. दोन मिनिटं थांबलो, पांढराच.

"आणि हा पास झालेल्यांचा पाट," मी म्हणाले.

हशा थांबला होता. माझं डोकं मात्र आणखी तापलं. खरं सांगते, मला बाबापेक्षा त्या गर्दीचा जास्त राग आला.

"इथं क्वालिटीत कितीजण आहात? हात वर करा!" वीस-पंचवीस हात अर्धवट वर आले. "तुम्ही हे रोज करता! कंपनीत एका बोल्टवर विश्वास ठेवत नाही, तीनदा मोजता. आणि आईबापाचा जीव या माणसाच्या तव्यावर सोडून देता? शिफ्टला जे डोळे नेता ते गुरुवारी घरी काढून ठेवता का?"

 एक जण पुटपुटला, "आमाला वाटलं, बाकीच्यांनी तपासलं आसंल."

तोपर्यंत बाबा मागच्या दारानं पसार झाला होता. जादूटोणाविरोधी कायद्याखाली आम्ही तक्रार दिली. पोलिसांकडून पुढं कळलं, मूळनाथाचं मूळ नाव बन्सी, दोन वर्षं चिरा तपासणाऱ्या एका टेस्टिंग शॉपमध्ये कंत्राटावर होता. गाळ्याला कुलूप लागलं. सापडेपर्यंत तो दुसरीकडं नाव बदलून बसणार, याची मला खात्री आहे.

बाहेर आल्यावर आप्पा गाडीपाशी थांबले. मग म्हणाले, "पाट खोटा. मान्य. पण माजा रिपोट तर हास्पिटलातला हुता ना? त्यो पॉइंट एक कसा आला?"

प्रश्न अगदी बरोबर होता. मला त्याचं उत्तर त्यांना माझ्या तोंडून द्यायचं नव्हतं. मी त्यांना दुसऱ्या दिवशी रजा टाकून थेट डॉक्टर सुप्रियांसमोर बसवलं.

डॉक्टर रागावल्या नाहीत. त्यांनी कागदावर रेघ काढून दाखवली. "काका, या रोगाचा खुराक म्हणजे पुरुषाच्या अंगातलं हार्मोन. शेकानं गाठ जाळली. इंजेक्शननं खुराक तोडला, म्हणून रोगाच्या उरल्यासुरल्या पेशी उपाशी पडल्या. शेहेचाळीसचा आकडा तेव्हाच खाली यायला लागला होता. तुम्ही त्या बाबाकडं कधी गेलात?"

"शेक संपल्यावर."

"म्हणजे आकडा उतरतच होता. त्यानं पाट दाखवला, आणि तुम्ही आकड्याचं श्रेय त्याला दिलं. त्याला शेक घेतलेलेच पेशंट का हवे असतात, कळलं आता?"

आप्पांनी मान खाली घातली. हीच बाबाची खरी चलाखी होती. लाल रंगाची चलाखी मला एका दिवसात कळली, ही कळायला डॉक्टर लागल्या. दुसऱ्यानं पेरलं, दुसऱ्यानं राखलं, आणि हा सुगीला कोयता घेऊन हजर. आणि वर, पुन्हा तपासू नका! तपासलं असतं तर पुढचा आकडा त्याला खोटं पाडणारच होता.

नर्सनं रक्त घेतलं. रिपोर्टची वाट बघत आम्ही बाकावर बसलो. माझा राग आता आप्पांवर निघाला. "तुम्ही मला का नाही सांगितलं? एक फोन करता आला नाही?"

आप्पा समोरच्या भिंतीकडं बघत बोलले. "त्या इंजेक्शननं अंगातनं वाफा निघायच्या, बायकांवानी. छाती हुळहुळायची. भर थंडीत सदरा भिजायचा. दाढी घोटायला बी हुरूप राह्यला न्हाई. तुला कसं सांगू? तू लेक. तुज्या आईला बी न्हाई सांगितलं. हितं आलं की पँट सोडा, कुशीवर वळा, बोटानं तपासणार. बाबानं म्हणलं, हात ठेवा फक्त. पँट सोडाय लावली न्हाई त्यानं."

 दर तीन महिन्यांनी मी फोनवर विचारत होते, "इंजेक्शन झालं ना? झालं? बरं." आणि फोन ठेवत होते. इंजेक्शननंतर कसं वाटतं, हे मी एकदाही विचारलं नाही. हजारो लोखंडी तुकडे मी हातात फिरवून बघितले, पण बाप नाही बघितला. बाबानं निदान पाच मिनिटं त्यांना समोर बसवून घेतलं होतं. तो चोर होता, पण ती जागा रिकामी मी ठेवली होती.

डॉक्टर सुप्रियांना मी हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "वाफांवर गोळी मिळते काका. अहो, सांगायचं तरी!" आप्पा तोंड उघडं टाकून बघत राहिले.

आकडा आला सहा पूर्णांक आठ. स्कॅनमध्ये ओटीपोटातल्या एका गाठीत रोग दिसला. इंजेक्शन पुन्हा सुरू झालं, सोबत रोजची गोळी. डॉक्टर म्हणाल्या, आटोक्यात राहील असं वाटतं, पण जे सहा महिन्यांपूर्वी सोपं होतं ते आता सोपं नाही. यापुढं उपचार बहुतेक कायमचे. आप्पांनी मुकाट्यानं पुढच्या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर स्वतःच्या हातानं लिहिल्या.

मारुतरावांना आम्ही भोपळ्याच्या दिवशीच सांगितलं होतं, डॉक्टरांकडं चला. त्यांच्या सुनेनंही सांगितलं. ते म्हणाले, पुढच्या आठवड्यात. पाच दिवसांनी सकाळी ते उठायला गेले आणि पाय हललेच नाहीत. रोग मणक्यात पोचला होता, गाठीनं मज्जारज्जू दाबला होता. तातडीनं शेक दिला, पण पायांत जीव परत आला नाही.

आप्पा त्यांना भेटायला संत तुकाराम नगरला त्यांच्या घरी गेले, मी सोबत होते. मारुतराव छताकडं बघत पडले होते. बराच वेळ दोघं कंपनीतल्या जुन्या गोष्टी बोलत बसले. मग मारुतरावांनी विचारलं, "रंगा, तुजा आकडा किती आला?"

"सहा पूर्णांक आठ."

"तुजा काढला तरी." मारुतराव म्हणाले. "माजा शेक झाल्यापासनं कुणी काढलाच न्हाई. मीच काढू दिला न्हाई."

आप्पांनी त्यांचा पाय चादरीवरून दाबला. मारुतरावांना ते कळलं नाही.

मला अजून राग आहे, आणि तो जावा असं मला वाटतही नाही. म्हणून सरळ सांगते. जो माणूस तुम्हाला म्हणेल, 'बरा झालास, आता पुन्हा तपासू नकोस', तो भगव्यात असो की कोटात, त्याच्यापासून लांब पळा. खरं औषध तपासणीला घाबरत नाही, खोटंच घाबरतं. प्रोस्टेटचा उपचार झालेला माणूस तुमच्या घरात असेल, तर आज त्याच्याजवळ बसा. इंजेक्शननं काय त्रास होतो ते विचारा, लाज वाटली तरी विचारा. पाठ दुखते का, लघवीला कसं होतं, रात्री किती वेळा उठतो, ते विचारा. पुढची पीएसए कोणत्या तारखेला आहे ते बघा, आणि त्या दिवशी रजा टाकून त्याच्यासोबत जा.